कायम खुषखरेदी

अहमदपूरच्या तहसिलीसमोर, लिंबाखाली,
एकतीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो :
आजपासून सदर मिळकतीवर
आमचा वा आमच्या वारसांचा
कसलाही हक्क, संबंध राहिलेला नाही;
तुम्ही ती यावच्चंद्रदिवाकरौ
निर्वेधपणे उपभोगावी.
पक्षकार इथं हटकून थबकतात.
यावच्च काय, मामा?
मी पेनानं वर दाखवतो.
चंद्र-सूर्य असेतोवर.
मग अंगठा शाईत बुडतो.

मीही एकदा अशी खरेदी केली.
दोनशे सत्तर रुपयांचं आकाश.
लातुरातून आणलेला टॅब,
त्याच कंपनीच्या स्टोअरात ते होतं.
भाच्याच्या कार्डावरून पैसे गेले
आणि खाली हिरवी पट्टी आली : खरेदी पूर्ण.
ना मुद्रांक, ना साक्षीदार.
मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही गच्चीवर.
टॅब वर धरायचा,
जिकडं फिरवू तिकडं नावं उमटायची :
चित्रा, स्वाती, सप्तर्षी.
महानंदा म्हणाली, ऋषी कुठले तिथं?
ही बाज हाय. चार खूर,
आणि ओढून नेणारे तीन चोर.

त्यात आपलं नाव घालायची सोय होती.
तिनं चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटानं लिहिलं :
बाज. चोर पयला. चोर दुसरा.
तिसऱ्यापाशी थांबली,
आणि हसत हसत माझ्या धाकट्या भावाचं नाव टाकलं,
ज्यानं वाटणीत तांब्याचं घंगाळ उचललं होतं.
मग ती सुटलीच.
चित्रेच्या खाली एक फिकट ठिपका होता,
त्याला तिच्या वर्गातल्या फरजानाचं नाव,
जी सातवीनंतर कुणाला दिसली नाही.
पाच उन्हाळे. एकशे चाळीस नावं.

मागच्या महिन्यात टॅब फुगला.
दुकानदारानं बॅटरी बदलली,
आतलं सगळं पुसून कोरा हातात दिला.
घ्या परत उतरवून, म्हणाला.

स्टोअर उघडलं तर
शटर नाही, कुलूप नाही,
एक पांढरं पान :
ही सेवा बंद झाली आहे.
‘माझी खरेदी’च्या यादीत नाव मात्र होतं,
राखाडी, कितीही दाबलं तरी न हलणारं.
फेर ओढलेला, पण कब्जा नाही.

शर्ती काढल्या. चौतीस पानं.
चौतीसही वाचणारा तालुक्यात मी एकटाच असेन.
अकराव्या पानावर सापडलं :
आपण काहीही विकत घेतलेलं नव्हतं,
वापरायची मुभा होती,
देणाऱ्याची मर्जी असेतोवर.

बटईनं रान करणाऱ्याचंसुद्धा नाव लागतं पाहणीला.
गायरानात झोपडी टाकणाऱ्यालाही नोटीस निघते.
आम्ही त्यातही बसत नव्हतो.
आणि भांडायला जावं तर
चतुःसीमेत काय लिहू?
पूर्वेस काय, पश्चिमेस काय?

दोन दिवस मी तो शब्द दस्तात घातला नाही.
‘कायमस्वरूपी’ लिहून भागवलं.
तिसऱ्या दिवशी हाडोळतीचा एक म्हातारा
वाचून दाखवलेलं ऐकून म्हणाला,
मामा, ते चंद्र-सूर्याचं ऱ्हायलं का?
मी ओळीच्या वर बारीक अक्षरात घातलं,
बाजूला सही केली.

रात्री लाइट गेली.
महानंदा सतरंजी घेऊन वर आली.
नावं गेली, मी म्हणालो. सगळी.
ती आडवी झाली. बराच वेळ गेला.
तिसरा दिसतोय का बघा, म्हणाली,
अजून हाय का घंगाळ त्याच्यापाशी?

मग बोट वर करून एकेक म्हणत निघाली,
आणि फरजानापाशी अडखळली.
नेमका कोणता ठिपका, तिला आठवेना.
मलाही.